गाडी परत गरम व्हायलीय? हेड उघडायच्या आधी हे बघा

मार्च लागला की आमच्या गॅरेजवर एकच रडगाणं सुरू होतं. काटा वर चढतो, गाडी पाणी फेकते, बाजूला घेऊन दोन बाटल्या पाणी ओतलं की निघते आणि पुढचं गाव येईपर्यंत पुन्हा तेच. मोसंबीची पिकअप असो, वऱ्हाडाची जीप असो, नाहीतर घरची कार. यातल्या बऱ्याच गाड्या आधी कुठंतरी 'करून' आलेल्या असतात. एकाने थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकलेला असतो, दुसऱ्याने हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवून खालचं गास्केट (हेड आणि इंजिनच्या मधली सीलची पट्टी) बदललेलं असतं, तिसऱ्याने थेट नवा रेडिएटर घ्यायला लावलेला असतो. आठ-पंधरा दिवस बरं वाटतं, मग पहिले पाढे पंचावन्न.

पैसे जाऊनही दुखणं परत का येतं? प्रत्येकाने एकेक पार्ट बदलला, पण उष्णता नेमकी कुठं अडली ते कुणी शोधलंच नाही. आपल्या मराठवाड्यात ती अडायची हमखास जागा म्हणजे बोअरच्या पाण्याने चोंदलेल्या रेडिएटरच्या नळ्या. गास्केट बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी मरतं आणि बिल मात्र त्याच्याच नावावर फाटतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच की हेडला हात लावायच्या आधी अर्धा दिवस खर्ची घाला आणि खालच्या गोष्टी बघून घ्या. यातल्या बऱ्याच तर घरासमोर, पाना न घेता बघता येतात.

आधी एवढं सांगा: कधी गरम होते?

बोनेट उघडायच्या आधी मी हेच विचारतो. "दाजी, उभ्याने गरम होते का पळताना?" निम्म्या लोकांना सांगता येत नाही. "होते बगा कवाबी" एवढंच उत्तर. पण निम्मं निदान इथंच आहे.

आठवडी बाजारात, सिग्नलला, टोलच्या रांगेत गरम होते आणि हायवेला लागलं की काटा उतरतो, तर प्रश्न हवेचा. पळत्या गाडीला समोरून हवा आपसूक मिळते, उभ्या गाडीला ती पंख्याने ओढावी लागते. म्हणजे पंखा, त्याचा फ्यूज-रिले, व्हिस्कस क्लच (इंजिनच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या पंख्याची तेलावर चालणारी जोडणी) किंवा पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं यातलं काहीतरी. हे कडं अपघातात किंवा कामात तुटलं की कुणी परत बसवत नाही, "त्यानं काय होतंय" म्हणून कोपऱ्यात टाकून देतात. त्याने बरंच होतं. कडं नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढायच्या ऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळत बसतो.

उलट गावात ठीक चालते, पण भरल्या गाडीने मांजरसुंब्याचा किंवा धारूरचा घाट लागला की काटा उठतो, तर प्रश्न पाणी फिरण्याचा. नळ्या चोंदल्या असतील, थर्मोस्टॅट पुरता उघडत नसेल, पाण्याच्या पंपाची पाती गंजून झिजली असतील, नाहीतर खालचा पाइप चेपत असेल. पंप फिरवणारा पट्टा ढिला असला तरी असंच होतं.

सकाळी थंड गाडी चालू केली आणि चार-पाच मिनिटांत काटा वर गेला, तर पाणी फार कमी आहे, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, किंवा मग खरोखर गास्केटचं काम आहे. काटा घडीत वर घडीत खाली उड्या मारत असेल तर आत हवा अडकलीय किंवा सेन्सरच्या वायरीत गडबड आहे.

आणि एक धोक्याची गोष्ट. काटा लालपर्यंत गेला आणि मग एकदम खाली आला, तर 'झाली थंड' म्हणून गाडी दामटू नका. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरं सांगतो. पाणी सगळं निघून गेलं की तो कोरडा लटकतो आणि काटा थंड दाखवतो, तिकडं आत हेड भाजत असतं. जागेवर गाडी बंद करायची वेळ ती हीच.

थंड गाडीवर पाच मिनिटं

रात्रभर उभी असलेली गाडी घ्या. गरम गाडीचं टोपण उघडायचं नाही, फडकं धरून सुद्धा नाही. भाजलेले हात मी बघितलेत.

टोपण उघडल्यावर पाणी रेडिएटरच्या तोंडाशी दिसलं पाहिजे. बाजूची जादा पाण्याची बाटली बघून समाधान मानू नका. बाटली भरलेली आणि रेडिएटर दोन वीत रिकामा, हा प्रकार नेहमीचा आहे. कारण बहुतेक वेळा टोपण. ते उलटं करून बघा: खालचं रबर कडक झालंय का, तडकलंय का, त्यावर खोल गोल खाच पडलीय का. मधोमध एक छोटी चकती असते, ती नखाने ओढली की उचलली पाहिजे आणि सोडली की टपकन परत बसली पाहिजे. गाडी थंड होताना बाटलीतलं पाणी याच चकतीतून परत आत येतं. क्षाराने ती चिकटली की येणं बंद. मग सकाळी वरचा रबरी पाइप चेपलेला दिसतो आणि मालक म्हणतो पाइप खराब आहे.

टोपणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाब, बारमध्ये. जालना, बीड, संभाजीनगर हा भाग समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, त्यामुळे इथं उघड्या भांड्यात पाणी साधारण ९८ अंशालाच उकळतं. ०.९ चं टोपण नीट धरत असेल तर तेच पाणी ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. वीस अंशांचा फरक, तोही एका टोपणाचा. मे महिन्यात परभणी-नांदेडला बाहेरच ४३-४४ अंश असतात तेव्हा हे वीस अंश म्हणजेच सगळी कमाई. टोपण बदलताना तेवढ्याच आकड्याचं घ्या. जास्त आकड्याचं बसवलं की जास्त टिकेल हा समज खोटा. त्याने जुने पाइप आणि प्लॅस्टिकच्या टाक्या फुटतात. नवीन गाड्यांत रेडिएटरला टोपण नसतं, दाबाचं टोपण बाटलीवरच असतं. तपासायची रीत तीच.

मग गाडीखाली बघा. कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं रंगीत द्रव) गळून वाळलं की पांढरा, हिरवा किंवा गुलाबी ओघळ राहतो. पाइपांच्या क्लिपा, पंपाखालचं छोटं भोक, हिटरचे पाइप, रेडिएटरची अॅल्युमिनियम आणि प्लॅस्टिक जुळतात ती कड. थेंब थेंब गळणारं पाणी गरम इंजिनवर पडून लगेच उडून जातं, जमिनीवर डाग पडतच नाही. त्यामुळे 'गळत तर नाही, तरी पाणी खाते' या वाक्यावर लगेच विश्वास ठेवू नका. गॅरेजवर हातपंपाचा प्रेशर टेस्टर असतो, तो टोपणाच्या जागी लावून दाब भरला की लपलेली गळती दिसते. ज्याच्याकडे तो नाही अशा माणसाला निदान हेड उघडू देऊ नका.

हवा येते का?

गाडीसमोर उभे राहून जाळीतून आत बघा. एसीच्या गाडीत पुढं दिसतो तो कंडेन्सर, रेडिएटर त्याच्या मागं. घाण साठते ती दोघांच्या मधल्या फटीत: सोयाबीनचं भुसकट, कापसाचे पुंजके, उसाचं पाचट, पाखरं. समोरून गाडी चकाचक धुतलेली असते आणि फटीत गादी तयार झालेली असते. धुवायचं ते पंख्याच्या बाजूने पुढच्या दिशेला, साध्या नळाच्या धारेने. वॉशिंग सेंटरवरच्या प्रेशरने पत्र्याच्या बारीक पट्ट्या लोळतात आणि हवा कायमची बंद होते.

दुसरं, जाळीवर काय काय लावलंय ते बघा. जादा लाइट, जाड बंपर, आणि मधोमध भली मोठी 'आई-वडिलांची कृपा' अशी पाटी. कृपा असावीच, पण ती काचेवर लिहा, रेडिएटरच्या तोंडावर नको. उन्हाळ्यात ओलं पोतं पुढं बांधणारेही आहेत. पोतं वाळायला वेळ लागत नाही आणि वाळलेलं पोतं हवा अडवतं.

इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा व्हिस्कस पंखा असेल तर इंजिन पुरतं तापवा, बंद करा, चावी खिशात घाला आणि पंखा हाताने फिरवा. तो जड, अडखळत फिरला पाहिजे. बोट लावताच मोकळा गरगर फिरला तर आतलं सिलिकॉनचं तेल गेलेलं आहे, क्लच बदला. विजेच्या पंख्याला मात्र हात लावू नका, चावी बंद असतानाही तो सुरू होऊ शकतो. एसी लावला की तो फिरतो का बघा. फिरत असेल तर जाळीसमोर वर्तमानपत्राचा कागद धरा, तो आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे. कागद बाहेर ढकलला गेला तर मागच्या कामात कुणीतरी पंख्याच्या वायरी उलट्या जोडल्यात. हसू नका, असं होतं. पंखा फिरतोय म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

थर्मोस्टॅटवरचा राग

मराठवाड्यात जुन्या गाडीत थर्मोस्टॅट शाबूत सापडणं म्हणजे नशीबच. "ते थंड मुलखासाठी असतंय, आपल्याला कायला पायजे?" हे वाक्य वडिलोपार्जित आहे. थर्मोस्टॅटचं काम दुहेरी आहे. इंजिन थंड असताना तो पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बऱ्याच इंजिनांत तो उघडताना पाण्याची दुसरी वाट, म्हणजे इंजिनातून परत इंजिनात जाणारा बायपास, बंदही करतो. थर्मोस्टॅट काढला की ती वाट कायम उघडी राहते. गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न भेटताच परत आत जातो, आणि नेमका घाटात, भार असताना, काटा चढतो. म्हणजे ज्याच्यासाठी काढला तेच वाढलं. हिवाळ्यात इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त लागतं, तेल लवकर काळं आणि घट्ट होतं, हे वेगळंच. नवीन गाड्यांत तर इंजिनचा दिवाही लागतो.

तपासायला अवघड नाही. जुन्या डब्यात पाणी तापवा, थर्मोस्टॅट दोरीला बांधून बुडवा. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. पाणी उकळीला येईपर्यंत तो चांगला उघडलेला दिसला पाहिजे. नाही उघडला, किंवा थंड असतानाही उघडाच राहिला, तर बदला. त्याची किंमत हेडच्या कामापुढं काहीच नाही. घरातलं पातेलं मात्र वापरू नका, बायका खपवून घेत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे.

मोसंबीच्या पिकअपची गोष्ट

अंबडकडची एक पिकअप, मोसंबी भरून सोलापूरला जाणारी. रिकामी असली की काही नाही. भरून निघाली की बीड सोडल्यावर घाटात काटा लालला. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, हेड फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं) होऊन नवं गास्केट पडलेलं, थर्मोस्टॅट अर्थातच गायब. मालक म्हणाला, "भाऊ, आता इंजिनच बदलून टाका म्हणायलेत."

टोपण ठीक, पट्टा ठीक, पंखा ठीक. बिनभाराची गाडी उभी करून चालवली तर काटा मध्यावर शांत. मग पोऱ्याला आत बसवून ॲक्सिलरेटर वाढवायला लावला आणि मी खाली टॉर्च घेऊन बघत बसलो. खालचा पाइप, रेडिएटरच्या तळातून पंपाकडे जाणारा. रेस कमी असताना गोल. रेस वाढत गेली तसा तो मधोमध आत गेला, आणखी वाढवली तेव्हा वरची आणि खालची बाजू एकमेकीला टेकली. रेस सोडली की पुन्हा गोल. म्हणजे घाटात, दुसऱ्या गिअरला, जेव्हा पाणी सगळ्यात जास्त लागतं तेव्हाच पाइप आवळला जात होता. गॅरेजमध्ये नुसत्या आयडलवर हे कुणाला दिसणार?

या पाइपच्या आत तारेची स्प्रिंग असते, चेपू नये म्हणून. आमच्या गाडीतली गंजून तिचे तुकडे पाइपच्या वळणात साठलेले निघाले. पण नुसता पाइप बदलून मी गाडी दिली नाही, कारण पंपाला एवढं जोर लावून ओढावं का लागत होतं हा प्रश्न उरतोच. रेडिएटर पितळी होता, वरची टाकी सोल्डरचा डाग काढून उघडता आली. निम्म्याहून जास्त नळ्यांच्या तोंडावर पांढरट-तांबूस पापुद्रा. काही नळ्यांत काडीसुद्धा जात नव्हती. रेडिएटरवाल्याने सळ्या घालून नळ्या मोकळ्या केल्या, नवा पाइप, नवा थर्मोस्टॅट, आणि साधं पाणी बंद. ती गाडी अजून त्याच इंजिनवर चालते.

मूळ दुखणं: पाणी

दख्खनच्या काळ्या बसाल्टच्या फटींतलं पाणी म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार आलेच. बोअर खोल गेला की बहुधा आणखी वाढतात. घरच्या कूलरच्या गवताच्या पॅडवर उन्हाळा संपताना पांढरं कवच चढलेलं असतं, ते बघा. तेच कवच रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनच्या जॅकेटमध्ये, म्हणजे पाणी फिरायच्या पोकळीत, चढतं. पाणी तापलं की क्षार गरम पत्र्यावर बसतात, आणि हा थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

आता नीट लक्ष द्या, कारण 'परत परत' याचं उत्तर इथं आहे. एकदाच बोअरचं पाणी भरलं आणि ते गळलं नाही, तर त्यात क्षार थोडेच, तेवढ्याने नळ्या चोंदत नाहीत. चोंदतात त्या रोज ओतण्याने. कुठंतरी थोडं गळतं, पाणी वाफ होऊन जातं पण क्षार आतच राहतात, आपण वरून नवं खारं पाणी ओततो, नवे क्षार. थर वाढला की गाडी जास्त तापते, जास्त तापली की जास्त पाणी फेकते, जास्त फेकलं की आपण जास्त ओततो. साध्या टोपणाच्या गळतीतून सुरू झालेलं प्रकरण असं वर्ष-दीड वर्षात गास्केटपर्यंत पोचतं. सीटमागं कायम पाच लिटरचा पाण्याचा कॅन घेऊन फिरणारी गाडी ही आजारी गाडी आहे. ड्रायव्हर त्याला तयारी म्हणतात.

दुष्काळी वर्षांत तर बोलायचीही सोय नसते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने प्यायचं पाणी आणावं लागलं. त्या साली गाडीवाल्याला 'डिस्टिल्ड वॉटर ओत' म्हणायला जीभ कशी रेटणार? टँकरचं जे हाताला येईल ते रेडिएटरात गेलं. पण एरवी सबब नाही. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात मिळतं. रेडिएटरला लागतं तरी किती, आणि गळती बंद केली तर ते वर्षानुवर्षं टिकतं. ते नसेल तर आरओचं चालेल. लग्नाच्या मांडवातल्या जारचं पाणी थंड आहे म्हणजे आरओच आहे असं मात्र धरून चालू नका, विचारून घ्या. पावसाचं स्वच्छ गाळलेलं पाणीही बोअरपेक्षा कितीतरी बरं.

'कूलंट बर्फाच्या प्रदेशात लागतं, इथं पाणीच बेस्ट' असं म्हणणाऱ्यांचं अर्धं बरोबर आहे. उष्णता वाहून नेण्यात निव्वळ पाणी कूलंटपेक्षा सरसच असतं. पण कूलंटचं काम इथं वेगळं आहे. ते गंज धरू देत नाही, पंपाचं सील जपतं आणि उकळायचा अंश वर नेतं. निम्मं कूलंट, निम्मं पाणी असं मिश्रण उघड्यावरच साधारण १०७ अंशांपर्यंत उकळत नाही, वर टोपणाचा दाब वेगळा. म्हणून डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळा. कॉन्सन्ट्रेट नुसतं ओतू नका, आणि रेडी मिक्स असेल तर त्यात पाणी घालू नका. रंगावर जाऊ नका: हिरवं ते सगळं एक, गुलाबी ते सगळं एक, असं काही नाही. गाडीच्या पुस्तकात कुठल्या प्रकारचं सांगितलंय ते बघा. आत काय आहे तेच माहीत नसेल तर सगळं काढून, धुऊन, नवं भरा. दोन वेगळ्या जातींची मिसळ झाली की गंजरोधक गुण लवकर जातो, कधी कधी गाळही धरतो.

आत थर चढलाच असेल तर? पितळी रेडिएटर उघडून साफ होतो. अॅल्युमिनियमचा, प्लॅस्टिकच्या टाक्यांचा असेल तर कंपनीचं फ्लशिंगचं औषध एकदा वापरून बघा आणि नाही जमलं तर रेडिएटर बदला. संडास धुवायचं ॲसिड घालणारे महाभाग आहेत. ते क्षाराआधी अॅल्युमिनियम खातं. आणि हळद. गळका रेडिएटर बंद करायला हळद टाकायची जुनी रीत आहे, आणि हिंगोली-वसमतच्या भागात हळदीला काय तोटा? गळती थांबते हे खरं, पण बारीक भोकाबरोबर बारीक नळ्याही बुजतात. घरी पोचण्यापुरतं ठीक, नंतर धुऊन काढा. डब्यात मिळणारं लीक-स्टॉपही त्याच पंगतीतलं.

बोनेटच्या मागच्या बिजागरीखाली वायसर घालून ते उचलून ठेवणं हीसुद्धा एक फॅशन आहे. उभ्या गाडीत थोडी गरम हवा निघते. पळत्या गाडीत मात्र काचेच्या खालच्या भागात हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे हवा उलटी आतच शिरायला बघते.

मग गास्केट कधी?

वरचं सगळं नीट असूनही पाणी जात असेल तर. थंड गाडी चालू करून टोपण उघडं ठेवलं आणि रेडिएटरात सतत बुडबुडे येत राहिले, चालू केल्यावर मिनिटभरात वरचा पाइप दगडासारखा कडक झाला, तेलाच्या डिपस्टिकवर दुधाच्या चहाचा रंग दिसला, कूलंटवर तेलाचा तवंग आला, तर गास्केट किंवा हेडच्या भेगेचा संशय घ्या. खात्री करायला एक निळं द्रव येतं, रेडिएटरच्या तोंडाशी धरून त्यातून आतली हवा ओढतात. जळालेला वायू मिसळला असेल तर ते पिवळं पडतं. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि अलीकडच्या डिझेल गाड्यांत आणखी एक चोर असतो, ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत जाणारा जळका वायू पाण्याने थंड करणारा भाग. तो आतून गळला की पाणी सायलेन्सरवाटे पांढरा धूर होऊन जातं. बाहेर थेंब नाही, तेल स्वच्छ, आणि पाणी मात्र कमी. अशा गाडीचं हेड उतरवून, गास्केट घालून, परत पाणी खातेच म्हणून डोकं धरून बसलेले मिस्त्री कमी नाहीत. आधी ईजीआर कूलर वेगळा काढून दाब देऊन तपासा.

हेड उतरवलंच तर फेसिंगच्या आधी सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्र्यांनी) वाकडेपणा मोजून दाखवायला सांगा. बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने), पुस्तकातल्या क्रमाने आवळले गेले पाहिजेत, आणि ज्या गाडीत ते एकदाच वापरायचे असतात तिथं नवेच. 'हाताला अंदाज आहे' म्हणणाऱ्याचं गास्केट सहा महिन्यांत परत येतं. नळ्या न बघता नुसतं गास्केट घातलं, तरी ते येतंच.

रस्त्यात काटा वर गेला तर

एसी बंद, हिटर पूर्ण चालू, काचा खाली. मे महिन्यात हिटर लावणं म्हणजे शिक्षा आहे, पण हिटर हाही एक छोटा रेडिएटरच आहे. सावली दिसेल तिथं बाजूला घ्या. पाणी सांडलेलं नसेल आणि पट्टा शाबूत असेल तर मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवून मग बंद करा, टर्बोलाही ते बरं. वाफ निघत असेल, पाणी वाहत असेल किंवा पट्टा तुटला असेल तर तात्काळ बंद.

मग थांबा. अर्धा-पाऊण तास. पाहुण्यांच्या फोनला 'आलोच' म्हणा आणि थांबा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतलं की हेड वाकतं, तडकतं. थंड झाल्यावर टोपण उघडा, इंजिन चालू करून आयडलवर पाणी हळूहळू घाला. नाइलाजाने बोअरचं घातलं असेल तर गावी पोचल्यावर ते काढून टाकायचं हे विसरू नका. बहुतेक लोक विसरतात.

परत भरताना

नवं कूलंट भरताना आत हवा राहिली तर सगळी मेहनत वाया. गाडीचं तोंड चढावर करा, हिटर चालू ठेवा, टोपण उघडं, इंजिन आयडलवर. बुडबुडे येत राहतील, पातळी खाली जाईल, घालत राहा. थर्मोस्टॅट उघडला की खालचा पाइप गरम लागतो आणि पातळी एकदम उतरते, तेव्हा परत भरा. काही गाड्यांत हवा काढायचा स्क्रू असतो, तो वापरा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीवर पातळी बघा, बाटलीवरच्या दोन रेघांच्या मधे हवी. बाटलीवर मार्करने तारीख टाका. महिन्याने पातळी जिथल्या तिथं असेल तर काम झालं. उतरली असेल तर ओतू नका, गळती शोधा.

काढलेलं जुनं कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नका आणि नालीत सोडू नका. ते विषारी असतं आणि चवीला गोड लागतं, कुत्री आणि वासरं चाटतात. थंड पेयाच्या बाटलीतही भरून ठेवू नका, घरात लेकरं असतात. रिकाम्या तेलाच्या कॅनमध्ये भरून झाकण घट्ट लावा, वर ठळक लिहा, आणि जळकं ऑइल रीतसर गोळा करून नेणारी गाडी ज्या गॅरेजवर येते तिथं विचारून द्या.